कट्ट्याची एकच लाइन

जुन्या संगणकांचा शौक असलेले एक प्राध्यापक संध्याकाळी सहाला घड्याळजींचं यंत्र विकत घ्यायला येणार होते. त्यांची अट एकच, यंत्र चालू करून दाखवायचं. म्हणून जेवण झाल्यावर घड्याळजींनी माळ्यावरून खोकं उतरवलं, पडद्याची धूळ पुसली आणि सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. बायको बाजारात गेली होती, त्यामुळे पसाऱ्यावरून बोलणी खायची भीती नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी याच यंत्रावर ते 'कट्टा' चालवत. इंटरनेट घरोघरी पोचायच्या आधीची गोष्ट. लोकांनी आपापल्या संगणकावरून घड्याळजींच्या घरचा फोन लावायचा, इकडचा मोडेम किंचाळत तो उचलायचा, की कट्टा उघडला. निरोप लिहा, भांडा, बुद्धिबळाची एखादी खेळी करा. पण लाइन एकच. एक जण आत असला की बाकी सगळ्यांना एंगेज. म्हणून माणशी रोज तीस मिनिटं. ती संपली की वाक्य अर्धं असलं तरी यंत्र फोन तोडायचं. शेवटी घड्याळजीच ते! "सख्ख्या बहिणीलाही सूट नाही," असं मिशीत हसून सांगायचे.

आणि नव्हतीच. थोरली ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. रोज दुपारी चारला कट्ट्यावर यायची आणि एका बोटाने टाइप करायची. तिकडे दाबलेलं अक्षर इकडे पडद्यावर उमटायचं. एक वाक्य पुरं होईपर्यंत घड्याळजींचा चहा निवायचा.

शेवटच्या दिवशी तिने लिहिलं, 'बाळ्या, मला जरा', आणि वेळ संपली. एक कळ दाबली असती तर पाच मिनिटं वाढली असती. त्यांनी दाबली नाही. लागलीच दुसरा कुणी आत आला, मग तिसरा; घरचा फोन रात्रीपर्यंत एंगेजच राहिला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी ताईचं दार तोडलं. ती फोनपाशी पडली होती आणि रिसीव्हर तिच्या हातात होता. घड्याळजींनी त्याच आठवड्यात कट्टा बंद केला. कारण बायकोलाही सांगितलं नाही.

यंत्र घरघरत सुरू झालं. तापलेल्या धुळीचा वास आला. 'फोनची वाट पाहत आहे,' पडद्यावर आलं, आणि घड्याळजींना हसू आलं. मोडेमची वायर खोक्यातच गुंडाळलेली होती. घरातला फोन काढूनही दहा वर्षं झाली होती.

भिंतीवर चारचे ठोके पडले आणि मोडेम किंचाळला.

पडद्यावर ताईचं नाव आलं. मग एकेक अक्षर, सावकाश. 'बाळ्या, मला जरा'. पुढे काही नाही.

कोण कधी आलं याची नोंद यंत्र ठेवायचं, ती घड्याळजींनी उघडली. काल: ताई, चार वाजता, तीस मिनिटं, वेळ संपली. आदल्या दिवशी तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच. पानं मागे ढकलता ढकलता बोट दुखलं. यंत्र माळ्यावर बंद पडून होतं, पण सव्वीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

'बोल ताई,' त्यांनी टाइप केलं. 'मी आहे.'

'तोडशील...'

घड्याळजींनी घाईघाईने तिच्या नावापुढचा तीसचा आकडा खोडला आणि मर्यादाच काढून टाकली. साडेचार वाजले. लाइन तुटली नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं रडू त्यांना त्या टेबलापाशी आलं.

'आता बसते निवांत,' ताईने लिहिलं.

पावणेसहाला बायको आली, ती भिंत धरूनच. "अहो, कोणाशी एवढं बोलत होतात? मला चौकात चक्कर आली. तासभर पायरीवर बसून फोन लावतेय. सारखा एंगेज!"

त्यांचा मोबाइल टेबलावरच होता. त्यांनी तो पाहिला. एकही फोन आलेला नव्हता.

घड्याळजींनी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. मग हात प्लगकडे गेला आणि तिथेच अडला. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, माफ कर गं," ते पुटपुटले आणि डोळे मिटून त्यांनी प्लग ओढला. पडदा काळा झाला.

"आता लाव बरं."

बायकोने फोन लावून कानाला धरला.

"एंगेजच आहे..." ती हळूच म्हणाली. "आणि अहो... मागे कुणीतरी एका बोटाने टाइप करतंय."