चांगुणा नावाडीण आणि तिसरा प्रश्न

"शून्य!" ऋता म्हणाली आणि आपले पाचही चिंचोके मुठीत घट्ट धरून बसली.

"शून्य? डोकं फिरलंय का तुझं?" निखिल ओरडला. त्याने आपले पाचच्या पाच चिंचोके वाटीत टाकले होते. प्रसादनेही. "अगं, चांगुणा नावाडीण म्हणजे एक नंबर पात्र आहे! भाडं म्हणून मासा मागते आणि मासा शिळा निघाला तर भर खाडीत होडी थांबवते!"

"मला तर ती स्वप्नात आली," प्रसाद म्हणाला. "मासे तळत होती."

"तुझ्या स्वप्नात सगळेच काहीतरी तळत असतात!"

कोपरखैरण्याच्या सागरदीप सोसायटीत, गच्चीकडे जाणाऱ्या शेवटच्या जिन्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत रोज दुपारी मीठगडाचं राज्य भरायचं. एक हाताने काढलेला नकाशा, एक वीस बाजूंचा फासा आणि बाकी सगळं तोंडाने! निखिल सरदार, प्रसाद जादूगार आणि ऋता सूत्रधार. सूत्रधाराने गोष्ट पुढे न्यायची आणि वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांच्या तोंडून बोलायचं. पहारेकरी, खानावळवाले, चोर, सगळे. मोठे खेळाडू अशांना एनपीसी म्हणतात. ही मंडळी म्हणायची जोडपात्रं.

नवं जोडपात्र असंच राज्यात शिरत नसे. आधी परीक्षा! त्याला हवंय काय? तो लपवतोय काय? दोन्हींची उत्तरं पटतील तसे प्रत्येकाने वाटीत शून्य ते पाच चिंचोके टाकायचे. आणि सूत्रधाराने पात्रात चूक दाखवून दिली, तर कितीही चिंचोके पडोत, पात्र बाद. आजवरची सगळी जोडपात्रं ऋताचीच होती, त्यामुळे हा नियम कधी कुणाला खुपला नव्हता.

मग निखिलच्या वर्गातली मनस्वी खेळायला यायला लागली. ती बोनकोडे गावातली. पहिल्याच दिवशी गालावरचे केस मागे सारत तिने विचारलं होतं, "पण आपण नसताना तो काय करतो?"

"म्हणजे?" ऋता म्हणाली.

"म्हणजे आपण खानावळीतून निघालो की खानावळवाला काय करतो? नुसता उभाच राहतो का, आपण परत येईपर्यंत?"

"भारी!" निखिल म्हणाला. आणि त्या दिवसापासून प्रश्न तीन झाले.

ऋताच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. हा प्रश्न आपल्याला का सुचला नाही? आपली पात्रं नुसती उभीच राहतात, हे कुणाच्या लक्षात आलं असेल का? आणि आता तिची ही चांगुणा नावाडीण! काल रात्री जेवताना ऋताने त्या नावाडणीत खोट शोधली होती, पोळी तशीच हातात धरून. अखेर सापडली.

"चांगुणाची होडी चिखलात रुतलीय, कारण तिच्या घाटाला भरतीचं पाणी येणं बंद झालंय. असंच ना?" तिने विचारलं.

"हो," मनस्वी म्हणाली.

"भरती कधी बंद होते का गं? भूगोल वाचतेस की नाही? चूक! पात्र बाद!"

"पण होतं तसं! आमच्या माशांच्या तळ्यातपण भरतीचं पाणी येत नाहीये. आजी रोज बडबडते. त्यावरूनच तर सुचलं मला."

"थापा!"

मनस्वीचा चेहरा पडला. ऋताला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा वाईटही वाटलं.

"उद्या सकाळी सगळे जाऊन बघू," निखिल म्हणाला. "खोटं निघालं तर चांगुणा बाद."

पण उद्यापर्यंत धीर कुणाला? चार वाजता ऋताने सायकल काढली आणि एकटीच खाडीकडे सुटली.

खाडीच्या बांधाच्या एका अंगाला तिवरांची झाडी होती, दुसऱ्या अंगाला मोकळं मैदान आणि त्यापलीकडे मनस्वीच्या आजीचं तळं. मैदानात बांबू रोवले जात होते. रविवारी सागरदीपचा आंबा महोत्सव तिथेच होता. ऋताचे बाबा, श्यामसुंदर, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बांधापाशी निळ्या ताडपत्रीचा एक ढीग होता आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मंडपवाल्यांचा सुपरवायझर रणजीत मोबाइल बघत बसला होता.

"अंकल, इथून तळ्यात पाणी जातं का?"

"कसलं पाणी?" त्याने मान वर केली नाही. "इथे कधी पाणी नव्हतंच. चल, घरी जा. टाइमपास नको."

ऋता खुश! म्हणजे मनस्वीने थापच मारली होती! तिने सायकल वळवली. उद्या सगळ्यांसमोर काय बोलायचं, हेही ठरलं.

आणि बांधाच्या वळणावर तो प्रश्न टोचला. मनस्वीचाच! आपण नसताना तो काय करतो?

"गप्प बस," ऋता स्वतःला म्हणाली. पण ब्रेक लागले ते लागलेच. सायकल आडवी टाकून ती तिवरांमागे बसली.

रणजीत उठला. त्याने दोन्हीकडे बघितलं, ताडपत्रीचं टोक उचललं आणि खाली बुटाने दाबून बघितलं. ताडपत्रीखाली वाळूच्या गोण्या होत्या, एकीवर एक रचलेल्या! दोन गोण्यांमधून पाण्याची बारीक धार येत होती. त्याने तिथे चिंधी कोंबली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.

ऋताने बांधावर चढून बाहेर बघितलं. खाडी काठोकाठ भरली होती. बांधाखाली मैदानातून तळ्यात पाणी नेणारी मोरी होती आणि तिचं तोंड गोण्यांनी बुजवलं होतं. आत, तळ्यात, चिखलाला भेगा पडल्या होत्या. मधे गुडघाभरही नसेल एवढं पाणी उरलं होतं आणि त्यात मोठाले जिताडे मासे एकमेकांवर लोळत होते. एक मासा तोंड वर काढून नुसता आ वासत होता.

मनस्वी खरं बोलत होती.

ऋता तिथेच बसली. आपल्याला कुणी पाहिलेलं नाही. गप्प राहिलं तर? उद्या इथे आल्यावर रणजीतच सगळ्यांना सांगेल की पाणी नव्हतंच. निखिल पुन्हा आपल्या पात्रांना 'भारी' म्हणेल. मीठगड पुन्हा आपलं. किती सोपं होतं! तिला ते फार हवंसं वाटलं.

त्या माशाने पुन्हा आ वासला.

"शी!" ऋता म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिने फोन काढला आणि पहिला फोन लावला तो मनस्वीला.

थोड्याच वेळात सगळे वळणावर जमले. मनस्वीबरोबर तिची आजी शेवंताबाई आली होती, पदर खोचूनच. ऋताने बाबांनाही बोलावलं होतं, पण ते येताच तावातावाने म्हणाले, "अगं, रणजीतशी आत्ताच फोनवर बोललो मी. ताडपत्रीखाली सिमेंट आहे म्हणतोय. उगाच कामात अडथळे आणू नका."

"शिमिट?" शेवंताबाई कडाडल्या. "माजं पानी अडवलंय मेल्यानं, आनि म्हनं शिमिट! थांब, बगतेच त्याला!"

"आजी, थांबा!" ऋता म्हणाली. "तुम्ही भांडलात तर तो नाहीच म्हणणार. त्याला काय हवंय? काम सुखाने उरकायचंय. लपवतोय काय? गोण्या. आणि आपण नसताना काय करतो?"

"गोण्या गळतात का बघतो," मनस्वी हळूच म्हणाली.

"मग तेच करायला लावू. सगळ्यांसमोर! बाबा, फक्त पाच मिनिटं. झाडीमागे उभे राहा. प्रसाद, तू जायचं."

"मी का?"

"कारण घाबरल्यासारखं तुझ्याइतकं छान कुणालाच दिसता येत नाही!"

प्रसाद सुटला. मैदानातून हात हलवत, धापा टाकत, डोळे एवढे मोठे करून. "अंकल! अंकल! पाणी आलं! मंडपात पाणी शिरतंय!"

रणजीतची खुर्ची उलटली. धावत जाऊन त्याने अख्खी ताडपत्री ओढून काढली. "कुठाय? गोण्या तर घट्ट आहेत! अख्खी मोरी पॅक केलीय मी, पाणी येईलच कसं?"

"कुठली मोरी?" झाडीतून बाबा बाहेर आले. "आणि कसल्या गोण्या, रणजीत?"

रणजीतच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब... तुम्हीच म्हणालात ना, मैदान ठणठणीत कोरडं पाहिजे, कसं करायचं ते तुझं तू बघ?"

बाबा कानामागे खाजवत राहिले.

"तुमचे आंबे कोरडे, आनि माजे जिताडे मरूं दे, व्हय?" शेवंताबाईंनी विचारलं.

बाबांनीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. रणजीतने आणि त्यांनी मिळून गोण्या ओढल्या, निखिल आणि प्रसादने चिखलात लोळण घेतली. शेवटची गोणी निघाली आणि खाडीचं पाणी धो-धो आवाज करत आत घुसलं! तळ्यातले जिताडे एकदम खोल शिरले. मनस्वी टाळ्या वाजवत नाचली. मैदानाचा अर्धा भाग ओला झाला.

"महोत्सव सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेऊ," बाबा म्हणाले. "आजी, चूक माझी आहे. विचारायला हवं होतं. पोरांनी डोळे उघडले आमचे. शाब्बास रे!"

शेवंताबाईंनी ऋताच्या गालावरून ओला हात फिरवला. "गुनाची हाय गो पोर! येकटीनं शोदलंस?"

ऋताची मान खाली गेली. "मी मनस्वीला खोटं पाडायला आले होते," ती एका दमात म्हणाली. "तिचं पात्र माझ्यापेक्षा भारी झालं म्हणून."

शेवंताबाईंनी विचारलं, "कनचा पात्र?"

निखिलने चांगुणा नावाडणीची सगळी कथा सांगितली. मासा, शिळा मासा, भर खाडीत थांबणारी होडी. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "ही तं मीच हाय!" त्या ओरडल्या. "मनस्वी! मी शिळ्या माशावरनं येवडी भांडते?"

"हो!" मनस्वी म्हणाली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

ऋताने खिशातून पाचही चिंचोके काढले. दुपारपासून ते तिच्याकडेच होते. वाटी नव्हती, म्हणून तिने ते मनस्वीच्या तळहातावर ठेवले. शेवटचा ठेवताना बोट जरा अडखळलं. अजूनही किंचित टोचत होतंच.

"तू फोन केला नसतास तर आम्हाला कळलंच नसतं," मनस्वी म्हणाली. "इथे तर कुणीच नव्हतं बघायला."

"मग?"

मनस्वीने चिंचोके मुठीत बंद केले. "मग काय! आम्ही नसताना ऋता काय करते, ते कळलं आम्हाला."