एक सेल, चार महिने

चारठाण्याच्या वरच्या डोंगरात ओढा दोन कड्यांमधून खाली झेपावतो. तिथं पाणी मोजणारं यंत्र बसवायचं आणि पाणी चढलं की खालच्या वस्तीवर आधीच बसवलेला भोंगा वाजवायचा, एवढ्यासाठी नीलम निघाली होती. ती परभणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सोबत प्रयोगशाळेतला नागसेन होता आणि वाट दाखवायला कडूबाई. गेल्या पावसाळ्यात याच ओढ्यानं कडूबाईचा नवरा, सुग्रीव, नेला होता.

ओढा ओलांडताना वळवाच्या पावसाचं पाणी कमरेला लागलं. नागसेनचा पाय निसटला! कडूबाईनं त्याची कॉलर धरली, पण त्याच्या पाठीवरचा खोका सुटला. मोठी बॅटरी आणि सौरपट्टी डोळ्यांदेखत वाहून गेली.

पलीकडे पोचल्यावर नागसेन म्हणाला, "म्याडम, माघारी जाऊ. एक बारका सेल राहिलाय. दीड दिवसात संपंल."

पाऊस लागला की ही वाट दिवाळीपर्यंत बंद. नीलम कपारीत बसली आणि लॅपटॉप उघडून यंत्राचा प्रोग्रॅम नव्यानं लिहू लागली. सतत जागं राहायचं नाही. दहा मिनिटांनी क्षणभर उठायचं, पाणी बघायचं, झोपायचं. रेडिओ बंदच, पाणी चढलं तरच खालच्या भोंग्याशी बोलायचं.

किती वीज जातेय ते बघायला मीटर लावला. तरीही सेल बाराच दिवस पुरणार! झोपेतही वीज कुठं जातेय? तिनं एकेक तार तपासली. पाणी मोजणारा सेन्सर अखंड चालूच होता. त्याची तार तिनं चिपला जोडली, म्हणजे चिप जागी झाली तरच त्याला वीज. मग वीज खाणारा बोर्डावरचा लाल दिवाही चाकूनं खरवडून काढला.

"ताई, दिवा काढला तर हे चालू हाय का न्हाई, कळंल कसं?" कडूबाईनं विचारलं.

"कळणार नाही, कडूबाई. भरवसा ठेवावा लागेल."

मीटरचा काटा जवळजवळ शून्यावर आला. चार महिने!

कड्यात खिळे ठोकून यंत्र बसेपर्यंत पावसानं झोडपायला सुरुवात केली. ओढ्यातून परतणं आता अशक्य होतं. "वरून चला!" कडूबाई ओरडली. निसरड्या कातळावरून गुडघ्यांवर रांगत, एकमेकांना ओढत तिघं माथ्यावर पोचली.

एक्केचाळीस दिवस भोंगा गप्प होता. नीलमला झोप लागत नव्हती. बेचाळिसाव्या दिवशी दुपारी ती वर्गात शिकवत असताना फोन वाजला.

"ताई, कडूबाई बोलायलेय. भोंगा झाला. समदे टेकडीवर आलो, लेकरंबाळं धरून."

"आणि पाणी?"

पलीकडून पाण्याचा आवाज आला.

"माझ्या दारातून जायलंय," कडूबाई म्हणाली. "आत कुणीबी न्हाई."