बोरीच्या पेवातली माती

सोमवारी सकाळी किशनरावांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आत जंतू वाढवायला ठेवलेल्या सहाही बश्या कोऱ्या निघाल्या.

एक ठिपका नाही. धुऊन-पुसून ठेवल्यासारख्या.

दैवशालानं एकेक बशी उजेडात धरली. "काका, असं कसं झालं?"

"मला काय म्हाईत, मॅडम," किशनराव म्हणाले. पोटात कुठंतरी गोड वाटलं, ते त्यांनी स्वतःपासूनही लपवलं.

साल १९७८. परभणीच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते एकवीस वर्षं सहायक होते. बारा वर्षांमागं बांधावरच्या मातीतले जंतू, त्यांना मारणारं स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बशीतही वाढलेले त्यांनी पाहिले होते. तेव्हाचे साहेब हसले होते. "बशी नीट धुतली नसेल, किशनराव." झालं, विषय संपला. आणि आता ही सत्तावीस वर्षांची पोरगी, दैवशाला, शिकवायला आली, किशनरावांच्याच गावी, बोरीला गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या बायनाबाईंच्या पेवाच्या तळातून माती घेऊन आली. जमिनीच्या पोटातलं ते धान्याचं पेव बायनाबाईंच्या लग्नाच्या साली लिंपून टाकलेलं. पन्नास वर्षं कुणी उघडलं नव्हतं. म्हणजे माती स्ट्रेप्टोमायसिन निघायच्या आधीची. तरी तिच्यातले जंतू औषधाला दाद देईनात. दैवशाला सांगायची, मातीतले जंतू एकमेकांवर हेच औषध सोडतात, आणि त्याची तोडही मातीतच जन्मते. माणसाला दोन्ही फार उशिरा कळलं. साऱ्या कॉलेजात तिचं नाव झालं.

किशनरावांचं नाव कुणी घेतलं नाही.

पुण्याचे प्राध्यापक पडताळणीला येणार होते. विभागप्रमुख नागनाथ साहेबांनी फर्मावलं होतं, चाचणी पुन्हा करा, पण दैवशालाच्या हातानं नको. म्हणून शनिवारी ती किशनरावांनी केली. पाण्यात कालवलेल्या मातीच्या तीन बाटल्या, उजेड लागू नये म्हणून खाकी कागदात गुंडाळलेल्या, गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या. कागद न सोडता वरचं निवळ पाणी पिपेटनं घेतलं आणि बश्यांवर पसरलं. तीन बश्या औषधाच्या, तीन साध्या, बिनऔषधाच्या.

साहेबांनी कोऱ्या बश्या पाहिल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. "विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं पाव्हणे जालन्यात अडकलेत. उद्या दुपारी पोचतील. खोटं निघालं, तर मी बाईंच्या कायम नेमणुकीवर सही करणार नाही. किशनराव, चावी तुमच्याकडं. काय झालं ते शोधा. बाईंनी हात लावायचा नाही."

"मीच का, साहेब?"

"तुमचं तिच्याशी फार गूळपीठ नाही, म्हणून."

ते वाक्य किशनरावांना सुईसारखं टोचलं. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं तर.

त्यांनी चौकशी साहेबांपासूनच सुरू केली. "साहेब, तुमाला काय वाटतं?"

"मला पहिल्यापासून पटलं नाही. मी सोनपेठचा शेतकरी माणूस. पांढरीतली माती ती, बाजूला गोठे, उकिरडे. वरून काहीही झिरपलं असेल."

"कपाटाची चावी आधी कुठं असायची?"

"खिळ्याला. तुम्ही, मी, बाई, वाल्मीक. चौघंच."

वाल्मीक सर दैवशालाच्याच दिवशी नोकरीला लागलेले. वडील रेल्वेत, बालपण मनमाडच्या क्वार्टरात गेलं. हसरा माणूस. त्यांनी चहा पुढं केला.

"मॅडमचं वाईट वाटतं हो. पण शेतातली माती ती, किशनराव. पन्नास वर्षं पिकाखाली दबलेली. हवा लागली की जंतू मरणारच."

"तुमी पेव पायलं न्हाई?"

"माती आणली तेव्हा मी रजेवर होतो. गुंडाळलेल्या बाटल्याच पाहिल्या."

"शुक्रवारी शेवटी कोण गेलं?"

"मीच. माझ्या बश्या वाफेच्या कुकरात घालायच्या होत्या."

दैवशाला पायरीवर बसली होती. डबा तसाच.

"बाटल्या शेवटच्या कवा उघडल्या, मॅडम?"

"गुरुवारी. तेव्हा घातलेल्या बश्या भरून जंतू आले होते. काका, मी खोटं नाही केलं."

किशनराव वळले. आत जाऊन त्यांनी कपाट उघडलं, एका बाटलीचा कागद सोडला, तळाशी बसलेला गाळ पाहिला. बराच वेळ पाहत राहिले.

त्यांना सगळं कळलं होतं. आणि गप्प बसलं तरी चालणार होतं. बारा वर्षांमागं आपल्यासाठी कोण बोललं होतं?

पण आदल्या संध्याकाळचं मारुतीच्या पारावरचं कीर्तन कानातून जाईना. बुवांनी दृष्टांत दिला होता. शेजारणीची तुळस बघून एका बाईचा जळफळाट व्हायचा. तिनं ती उपटून फेकली नाही. चोरून घरी आणली, दार लावून तिलाच प्रदक्षिणा घालत बसली. लोक हसले. किशनराव हसले नव्हते.

त्यांनी कागद पुन्हा गुंडाळला आणि साहेबांना निरोप धाडला.

मंगळवारी सकाळी चौघं टेबलाभोवती उभे राहिले.

"साहेब, औषधाच्या बशीत जंतू मेले असं धरू. पण साधी बशी कोरी का? चिमूटभर माती कुठलीबी घ्या, साध्या बशीत जंतू उगवतातच. न्हाई उगवले, म्हंजी माती उकळलेली."

"कुणी?"

"सांगतो." किशनरावांनी बाटलीचा कागद फाडला. तळाशी गाळ होता, काळाभोर.

दैवशाला ओरडलीच. "ही माझी माती नाही!"

"न्हाईच. पेव कदी शेतात, काळीत खणत न्हाईत. काळी पावसात फुगते, धान्य सडवते. पेव असतंय गावठाणात, पांढरीत. गाळ पांढुरका पायजे. साहेबांना ते ठावं हाय. काल तेच 'पांढरीतली माती' म्हणाले. पेव शेतात असतंय असं म्हणणारा एकच मानूस भेटला मला."

वाल्मीक सरांचा चेहरा उतरला.

"शुक्रवारी शेतातली माती कालवली, कुकरात उकळली. कागद तसलाच गुंडाळला, चिठ्ठ्या दोऱ्यासकट हिकडच्या तिकडं केल्या. मॅडमच्या बाटलीचा कागद सोडून एकदा पायलं असतंत, तर फसला न्हसता, सर."

"कशावरून मीच? तिची माती फेकायचीच असती तर—"

"फेकली न्हाईच तुमी. जळणारा मानूस फेकत न्हाई, सर. त्याला ते स्वतःचं पायजे असतंय. वर्साभरानं तुमच्या नावानं निघाली असती. तुमच्या टेबलाचा खालचा खण उघडा."

साहेबांनीच उघडला. टॉवेलखाली तीन बाटल्या. कागद सोडला, तळाशी राखेसारखी पांढुरकी माती.

"एकाच दिवशी लागलो आम्ही," वाल्मीक सर खाली बघत पुटपुटले. "येणारा-जाणारा तिचंच विचारायचा."

साहेब त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेले.

दैवशालानं डोळे पुसले. "काका, मातीचं कळलं. पण ती फेकली नाही, हे कसं ओळखलंत?"

किशनरावांनी बाटलीचं बूड रुमालानं उगाचच पुसलं. "मीबी न्हसती फेकली. काल तुज्या बश्या कोऱ्या निघाल्या न्हवं, मला बरं वाटलं, पोरी." मग बारा वर्षांपूर्वीची बांधावरची मातीही त्यांनी सांगून टाकली.

तिनं विचारलं, "त्याची वही आहे?"

"हाय. ट्रंकेत."

दुपारी पाव्हणे आले. त्यांच्यासमोर पुन्हा सहा बश्या घातल्या. गुरुवारी सहाच्या सहा ठिपक्यांनी भरल्या. प्राध्यापकांनी दैवशालाची पाठ थोपटली, आणि किशनरावांच्या छातीत पुन्हा ती जुनी कळ आली.

तेवढ्यात दैवशालानं किशनरावांच्या ट्रंकेतली खाकी पुठ्ठ्याची वही पाहुण्यांपुढं ठेवली. "सर, माझं नंतर वाचा. आधी हे वाचा."