धारपसाहेबांची बुरशी

किनाऱ्यावरच्या हवेत आता बुरशीचं राज्य होतं. समुद्र तापला, दमटपणा बारमाही झाला, आणि उघड्यावर ठेवलेल्या कागदाचा बघता बघता भुगा होऊ लागला. लोकांनी कागदाचा नाद सोडला. जुने तेवढे उरले, तेही अभिलेखागाराच्या कोरड्या, बंद खोल्यांत.

तिथे डॉ. मिथिला बोरवणकरांनी चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या. कागदखाऊ बुरशीचीच एक जात त्यांनी शिकवून तयार केली होती.

"ही खाण्यात भारी नखरे करते," त्या सुगंधा तांडेलला म्हणाल्या. "प्रत्येक माणसाची लाळ वेगळी. धारपांच्या चहाच्या कपावरून मी हिला त्यांची चव लावली. हवेतून ती कुठेही पडेल, पण उगवेल फक्त त्यांचं ओलं बोट लागलं असेल तिथे. म्हणून हिला ओळखबुरशी म्हणते मी."

जिभेला बोट लावल्याशिवाय जयवंत धारपांना पान उलटताच येत नसे. सोनखाडीच्या बांधाला तडे गेल्याचे गावकऱ्यांचे अर्ज आपण पाहिलेच नाहीत, असं या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं. बांध फुटला आणि सुगंधाची लेक कमळी वाहून गेली. धारप मात्र बढती घेऊन सुखाने निवृत्त झाले. सुगंधाला त्यांचा सूड हवा होता. न्यायाच्या गोष्टी ऐकून तिचे कान किटले होते.

मिथिलाबाईंनी काचेची पेटी पुढे केली. आतल्या अर्जांच्या पानापानावर, कोपऱ्यात, हिरवट ठिपका उगवला होता.

"सगळे वाचले मेल्याने!" सुगंधा संतापाने ओरडली.

"पुराव्यासाठी फोटो काढलेत. आता हे जाळायचं. पेटी उघडू नका हं ताई. त्यांच्या तोंडात गेली तर ही मुक्कामच ठोकेल, आणि मग त्यांच्या प्रत्येक श्वासातून पसरेल."

बाई भट्टी तापवायला गेल्या. धारप जबाबासाठी शेजारच्याच खोलीत येऊन बसले होते. सुगंधाने पेटी उघडली, अर्ज उचलले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"साहेब, हेच ते अर्ज. आता तरी बघा."

"बघतो की," धारप त्रासून म्हणाले. त्यांनी पान उलटलं, बोट जिभेला लावलं, दुसरं उलटलं. शेवटच्या पानापर्यंत सुगंधा जागची हलली नाही. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मिथिलाबाई धावत आल्या आणि ते दृश्य पाहून दारातच थिजल्या.

"काय केलंत हे! आयुष्यभर इथले कागद चाळलेत या माणसाने. ती सगळी पानं आता जाणार. बुडालेल्यांची यादीसुद्धा. ती यांनीच केली होती, आणि तिचा फोटोही अजून काढलेला नाही!"

"कमळीचं नाव मला पाठ आहे," सुगंधा म्हणाली.

"आणि बाकीच्यांची?"

सुगंधा एकेक नाव घेऊ लागली. शेजारच्या घरातल्या धाकट्या पोरापाशीच ती अडली.