पूल आला, नोई

बसा रे, बसा. जोम, ते हेल्मेट कोपरात कशाला अडकवलंयस? कोपर फुटणार आहे का तुझं? आणि हा दुसरा शहाणा, तुई, आरशाला हेल्मेट लटकवून आलाय. आरशाची केवढी काळजी पोराला! डोक्याची नाही, आणि त्याचं बरोबरच आहे म्हणा, रिकाम्या भांड्याला झाकण कशाला?

पलीकडच्या गावात नाच आहे, माहितेय मला. बाटलीही आहे, वास येतोय. जा, खुशाल जा. मी अडवणारा कोण? मी तुमच्या वयाचा असताना म्हशीवरून पडलोय, तेही पिऊन. पण एवढं ऐका आणि मग जा.

भुताची गोष्ट म्हणून ऐकू नका. भूत मी कधी पाहिलेलं नाही, मला पाहून तीच पळत असतील. पण सावेंगला तुम्ही ओळखता. कालव्याच्या पुलाजवळ पंक्चर काढतो तोच. हवा भरून देतो, मान हलवतो, बोलत नाही. तुम्ही पोरं त्याला मुका म्हणता. मुका नाही तो. चांगला गप्पिष्ट होता. बँकॉकला फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता आणि सणाला आला की तीन दिवस गावाला झोपू द्यायचा नाही.

त्याचा धाकटा भाऊ इथेच, आईपाशी. कागदावर नाव सोमकियात, पण धाकटा म्हणून सगळे नोई म्हणायचे. धाकट्याला आपण दुसरं म्हणतो काय? तुई, तुलाही तुझी आजी नोईच म्हणते, लाजू नको.

तर सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, दोन दिवस होते. गुरुवारी रात्री नोई बर्फ आणायला गेला. बर्फाचं दुकान मोठ्या रस्त्यावर, फाट्यापासून किलोमीटरभर खाली. जाताना सरळ. येताना कायद्याने चार किलोमीटर पुढे जायचं, दुभाजक संपला की वळायचं आणि सगळं परत यायचं. दोन पिशव्या बर्फासाठी? आपल्या गावात असं कोणी केलं तर त्याला भिक्खूकडे नेऊन पाणी शिंपडून आणतील. नोई निघाला आपला कडेकडेने, उलटा. बाप उलटा यायचा, काका उलटा यायचा, मीही आलोय. चिंचेच्या वळणावर समोरून पिकअप आली.

बर्फ रस्ताभर सांडला होता म्हणे. हेल्मेट पुढच्या जाळीत होतं. त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

सावेंगला फोन गेला. सणाची गर्दी, चौदा तास बसमध्ये. शुक्रवारी, बारा एप्रिलला, रात्री दहाला तो घरी पोचला. शुक्रवारी आपण कोणाला जाळत नाही, म्हणून दहन शनिवारी सकाळी नऊला ठरलेलं. घरात शवपेटी, पेटीभोवती लुकलुकणारे दिवे, बाहेर मांडवात माणसं पत्ते खेळत जागत होती. आई, बुआलाय, पेटीशेजारी चटईवर बसलेली. डोळ्यात टिपूस नाही.

"आलास?" ती म्हणाली. "जेवून घे आणि नोईला घेऊन ये."

"आई, नोई इथेच..."

"हे इथे आहे. तो नाही. तो तिथेच उभाय, चिंचेखाली. मला कळतं. सगळे येऊन गेले, तो आला नाही." मग थोडं थांबून, "त्याच्याशिवाय उद्या जाळलं तर तो कायमचा रस्त्यावरच राहील रे. मग दुसऱ्या कोणाला तरी ओढून घेईपर्यंत सुटका नाही त्याची."

रक्ताच्या माणसाने हाक मारावी लागते. बाप कधीच गेलेला. आईला गाडी येत नाही. राहिला सावेंग.

भिक्खूंनी दुपारीच सगळं तयार ठेवलं होतं. नोईचा शर्ट, पांढरा दोरा, उदबत्त्या. एकच लावायची, मेलेल्याला एकच. शर्ट मागच्या सीटवर, दोऱ्याचं एक टोक शर्टाला, दुसरं आपल्या मनगटाला. मागे वळून बघायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे बोलत यायचं. "आत्म्याला रस्ता दिसत नाही," भिक्खूंनी बजावलं, "आवाज ऐकू येतो. वळण आलं की वळण सांग. पूल आला की पूल सांग. न सांगता पूल ओलांडलास, तर तो अलीकडेच राहील. पुन्हा हाक ऐकायचा नाही."

आई दारापर्यंत आली. स्वतःच्या हाताने तिने सावेंगच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा लावला.

"उलटा येऊ नकोस," म्हणाली. "लांब पडू दे. पण आज तरी उलटा येऊ नकोस."

अकरा वीसला तो चिंचेखाली पोचला. जागा तुम्हाला माहितेय. मेलेल्यांसाठी ठेवलेले प्लॅस्टरचे झेब्रे, लाल सरबताच्या बाटल्या, बाटल्यांत नळ्या. दर अपघाताला एक झेब्रा वाढतो. सरकारने तिथे दिवा लावायचा तो अजून लावतंय.

सावेंगने उदबत्ती लावली. विझली. वारा नव्हता. दुसरी लावली.

"सोमकियात," त्याने पूर्ण नावाने हाक मारली, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तशी. "घरी चल."

विझली.

त्याने तिसरी लावली. या पोराला त्याने खांद्यावरून शाळेत नेलं होतं. सोमकियात म्हणून आयुष्यात एकदाही हाक मारली नव्हती.

"नोई," तो म्हणाला. "चल ना रे, नोई. आई वाट बघतेय. बस मागे."

उदबत्ती जळत राहिली.

सावेंग गाडीवर बसला. मागचे शॉकअप दबले... हळूच, माणूस बसल्यावर दबतात तसे. मग परत एकदा. थोडेसेच. कोणी सावरून बसावं तसं.

भीती वाटली नाही त्याला. उलट रडू फुटलं. "बसलास ना? धरून बस," म्हणाला आणि निघाला.

चार किलोमीटर तो बोलत गेला. कारखान्याचं बोलला, मालकाच्या कुत्र्याचं बोलला. "नोई, आता उजवीकडे वळसा घेतोय." गाडी जड चालत होती. चढावर दुसरा गिअर टाकावा लागला. इकडे परतीच्या बाजूला नाका लागलेला होता, सणाच्या सात दिवसांचा. तंबू, दोन दिवे, लाल काठी. हवालदार थाविल होता नाक्यावर. आता रिटायर झालाय. दारूला शिवत नाही, आणि माझ्या विनोदालाही कधी हसला नाही, म्हणजे माणूस किती कोरडा ते बघा.

त्याने लांबूनच शिट्टी मारली.

"घे, घे, बाजूला घे! वा रे बहाद्दर! स्वतः हेल्मेट घातलंय आणि मागे ट्रिपल सीट?"

सावेंगने काच वर केली. "साहेब, मी एकटाच आहे."

"एकटा! माझे डोळे काय सासऱ्याचे आहेत? तिघं येताना बघितले मी. मागच्या दोघांना उडी मारायला लावलीस होय रे, नाका बघून? कुठे गेले? ए, उसाकडे बघा रे जरा!"

त्याने बॅटरी गाडीवर मारली. सीटवर मारली. शर्ट दिसला. दोरा दिसला.

हवालदाराने टोपी काढली.

"बुआलायचा थोरला ना तू?"

"हो."

"नोईला न्यायला आलायस."

"हो साहेब. मागे बसलाय."

हवालदाराने रिकाम्या सीटला हात जोडले. तंबूत कोणीतरी रेडिओ बंद केला. उसाकडे गेलेले दोघे तिथेच थबकले.

"तो दिसला मला," हवालदार म्हणाला. आवाज अगदी खाली आलेला. "उंच पोरगा. ओळखतो मी त्याला, तीनदा पकडलाय. पण मग..."

"काय साहेब?"

"नोईच्या मागे कोण बसलंय?"

...

सावेंगने मान वळवली नाही. वळवायची नव्हती. गाडी तशीच दबलेली.

"जा," हवालदार म्हणाला. "थांबू नकोस इथे. जा."

तो निघाला.

आता बोलणं सुचेना. नोई. त्याने नोई म्हणून हाक मारली होती. घराघरात एक नोई. त्या चिंचेखाली इतक्या वर्षांत किती नोई पडले असतील... आणि हाक आली, घरी चल. आई वाट बघतेय. बस मागे.

कोण उठणार नाही?

फाटा आला.

"नोई... डावीकडे."

मागून काही नाही. फक्त वजन.

दिवे संपले. दोन्हीकडे शेत. बेडूक ओरडत होते ते थांबले. पाठीला गार लागत होतं. बर्फाच्या पिशवीला टेकून बसल्यासारखं गार.

आपलं माणूस घरी न्यायला त्याला काही वाटत नव्हतं. पण हे दुसरं? हे आईपुढे न्यायचं? आई पेटीशेजारी झोपते. कोण आहे हे? काय मागेल?

समोर पूल दिसला.

आणि सावेंगने ठरवलं. नोई आपला आहे. आपल्याला धरून बसलाय. त्याला पूल पाठ आहे, जन्म गेला इथे. सांगायची गरज नाही. जो परका आहे तो राहील अलीकडे.

त्याने तोंड मिटलं.

पूल जवळ आला. मागे... काहीतरी वाट बघत होतं. त्याला तसं वाटलं. कोणीतरी कान देऊन बसलंय. लहानपणी नोई तसाच बसायचा. दादा सांगेल तेव्हाच उडी मारायची, दादा सांगेल तेव्हाच पळायचं.

सावेंग बोलला नाही.

पुढचं चाक पुलावर चढलं.

मागचं चढलं.

आणि गाडी हलकी झाली. थोडी नाही. एकदम. पुढे उसळली, हँडल हातातून निसटता निसटता राहिलं. अख्ख्या माणसाएवढं वजन उतरलं.

सुटलो, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. रडला, हसला. "चल नोई, आलं घर." मागे अजून काहीतरी होतं, दोरा मनगटाला अलगद ओढत होता. त्याला बरं वाटलं. आपला नोई आहे, म्हणाला. मेल्यावर माणूस हलकाच होणार.

आई दारात उभी होती.

"आणलास?"

"आणला."

"वळणं सांगितलीस?"

"सांगितली."

"पूल?"

...

"सांगितला, आई."

तिने शर्ट घेतला, छातीशी धरला, पेटीवर पसरला. दोरा पेटीला बांधला. मग टाल्कम पावडरचा डबा आणला आणि उंबऱ्यापासून पेटीपर्यंत फरशीवर पावडर पसरली, चाळणीतून पीठ चाळावं तशी पातळ, पांढरी. पोरगा आला की पाय उमटतील, म्हणाली. एकदा बघीन, मग जाळा.

मांडवातल्या माणसांना तिने आत येऊ दिलं नाही. सावेंग बाहेर बाकावर आडवा झाला. दोन रात्रींचा जागा होता. मेल्यासारखा झोपला.

पहाटे पाचला आईने त्याला हलवून उठवलं. हात धरून दारात नेलं. रात्रीच्या बल्बचा उजेड अजून होता. कोंबडा आरवत होता. पावडर तशीच होती. कोणी झाडली नव्हती, कोणी तुडवली नव्हती.

पाय उमटले होते.

उंबऱ्यावरून आत. अनवाणी. एकामागे एक, घाई नसलेले. नोईचे पाय तुम्ही पाहिले नाहीत. त्याला चप्पल तालुक्याच्या बाजारातून आणावी लागायची, गावात त्याच्या मापाची मिळायची नाही.

हे पाऊल माझ्या तळहाताएवढं. तीन वर्षांचं पोर असेल. चार, फार तर.

सावेंग धावत पुलावर गेला. भाऊ, भाऊ म्हणून ओरडला, पूर्ण नावाने ओरडला, नोई म्हणून ओरडला. उजाडेपर्यंत ओरडला. नऊला दहन झालं. तो पुलावरच होता. कारखान्यात परत गेला नाही.

आई मात्र शांत होती. माणसं यायच्या आधी तिने फडकं ओलं करून सगळी फरशी पुसली. मी लवकर गेलो होतो मदतीला, म्हणून बघितलं. सगळी पुसली, फक्त पावलांची एवढी पट्टी सोडून. ती पावलं पेटीकडे गेलीच नव्हती. उंबऱ्यातून आत येऊन आईच्या चटईकडे वळली होती. तिच्या उशीपर्यंत. तिथे दोन पावलं शेजारी शेजारी, टाचा जुळवून.

आणि तिथून कुठेच नाहीत.