मुंगीचं ठिगळ

"हनुवटी इथे टेका. कपाळ या पट्टीला लावा. आणि आता... हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"थोडाच."

तो हसला आणि हनुवटी हललीच. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, त्याच्या शर्टाचे खांदे ओले होते आणि केसांतला एक थेंब कानामागून मानेवर उतरत होता. माझं लक्ष त्या थेंबाकडे नको होतं. मी मशीनमधून त्याचे डोळे पाहिले. दोन्ही लालबुंद.

"झोप होत नाही का तुमची?"

"माझी होते. माझ्या लॅपटॉपला मात्र झोप आहे, जाग नाही. तीन दिवस त्याच्या काळ्या पडद्याकडे बघतोय."

मी त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण घातलं. "म्हणजे काय?"

"एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे... कंप्युटर जिच्यावर चालतो ना, ती. कुठल्या कंपनीची नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि फुकट देतात. काही बिघडलं की कुणीतरी दुरुस्ती लिहून पाठवतं. तिला पॅच म्हणतात. ठिगळच म्हणा! मी ती ठिगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर लावून बघतो, टिकतात का ते."

माझ्या हातातलं भिंग तिथेच थांबलं.

"आता एक आलंय," तो पुढे म्हणाला, "मुंगी नावाच्या कुणीतरी पाठवलेलं. झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो आणि उघडलं की उठत नाही, त्यावरचं. लिहिलंय छान हो. पण मला काही भरवसा वाटत नाही. मुंगी म्हणजे मिशा पिळत बसलेले कुणी काका असणार. एकेक अक्षर कोरून काढलंय."

मी भिंग बसवलं.

"पहिलं बरं दिसतंय, की... हे दुसरं?"

"दोन्ही धूसर."

दोन्ही धूसर असणारच होती. मी भलतंच भिंग बसवलं होतं.

कारण मुंगी मी होते.

दुकान बाबांचं. पुढे दारालगतच्या काउंटरवर बाबा फ्रेमा दाखवायचे, मागच्या खोलीत मी डोळे तपासायची. दोन वर्षांपूर्वी दुकानाचा लॅपटॉप म्हातारा होऊन बसला, तेव्हा मी त्यावर ही फुकटची सिस्टीम घातली. तिच्या मदतीच्या पानावर मला एक चुकलेला शब्द दिसला. दुरुस्त करून पाठवला. तीन तासांनी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, 'घेतला. आभार.' त्या दोन शब्दांनी मला काय झालं, सांगता येत नाही. मग मी शब्द वेचतच राहिले. कधी स्वल्पविराम, कधी चुकीचा आकडा, कधी तुटलेला दुवा. बाबा म्हणायचे, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेयस. भाज बाई."

हा झोपेचा पॅच मात्र माझा पहिला खरा पॅच होता. दुकानाच्या लॅपटॉपवर तो चालला. पण त्याच जातीचा आणखी जुना लॅपटॉप जगात फक्त एका तपासणाऱ्याकडे होता. त्याचं तिथलं नाव गोगलगाय. एकेका पॅचला तीन तीन दिवस घेणारा, म्हणून गोगलगाय. त्याने 'चालतं' म्हटल्याशिवाय पॅच पुढे जाणार नव्हता. आठ दिवस मी त्याच्या उत्तराची वाट बघत नखं खात होते... आणि तो माझ्यासमोर स्टुलावर बसून भिंतीवरची अक्षरं चुकीची वाचत होता.

मी त्याला काही सांगितलं नाही. चष्म्याचा नंबर लिहून दिला. नंबर तेवढा बरोबर काढला, दोनदा पडताळून.

चार दिवसांनी तो चष्मा न्यायला आला. मी त्याच्या कानामागे दांड्या नीट बसवत होते आणि माझा श्वास त्याच्या गालाला लागू नये म्हणून धडपडत होते.

"कसा दिसतो?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं दिसतं ते महत्त्वाचं."

"मला तर आता फारच स्पष्ट दिसतंय." त्याने माझ्याकडे बघितलं. नको तितका वेळ बघितलं.

"मिशा दिसतात का?" मी विचारलं.

"कुणाच्या?"

"माझ्या. तुम्हीच म्हणालात ना... मिशा पिळणारे काका."

तो आधी गोंधळला. मग कपाळापासून गळ्यापर्यंत हळूहळू लाल होत गेला. "मुंगी?"

"आणि तुम्ही गोगलगाय. पोटात पाय असलेली."

"अहो नाही हो, पोटात काही नाही माझ्या," तो घाईघाईने म्हणाला. काउंटरवरून बाबांनी मान वर करून पाहिलं. आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

त्या आठवड्यात आम्ही तीनदा कॉफी प्यायलो. तो लिफ्टचा तंत्रज्ञ होता, उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या कपातली साखर न विचारता ढवळली आणि मला वाटलं — झालं, गेले मी कामातून.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, सगळ्यांना एकत्र ईमेल जाणाऱ्या सामायिक पत्रयादीवर, त्याचं उत्तर आलं. 'तपासलं. चालतं.'

मी आनंदाने दुकानात गिरकी घेतली. आणि मग... अर्ध्यातच थांबले. त्याच्या सूचनेवरून त्या जुन्या लॅपटॉपसाठी पॅचमध्ये एक बदल करून मी तो आदल्या संध्याकाळी पाठवला होता. एका रात्रीत उत्तर? गोगलगायीकडून?

विचारावंसं वाटलं. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. पण विचारलं आणि तो रागावला तर? आणि खरं सांगायचं तर, 'चालतं' हा शब्द मला फार हवा होता. मी गप्प बसले. तो गुन्हा माझाही.

पॅच नव्या आवृत्तीत गेला. पहिले दोन दिवस शांत होते. तिसऱ्या दिवशी एका शिक्षिकेचं पत्र आलं. तिने लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकला, वर्गात उघडला, तो उठलाच नाही. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका अर्ध्या लिहून झाल्या होत्या, त्या गेल्या. दुपारपर्यंत अशी सात पत्रं झाली. संध्याकाळपर्यंत एकोणीस. माझ्या ठिगळाने फाटलेलं सांधलं नव्हतं, धडधाकट होतं तेही फाडलं होतं.

पॅच घ्यायचा की नाही ते ठरवणारे एक जुनेजाणते होते, सगळे त्यांना आजोबा म्हणायचे. त्यांनी पॅच काढून टाकला आणि यादीवर एकच प्रश्न लिहिला, 'गोगलगाय, किती वेळा झोपवून उठवलंत?'

सगळे वाचत होते. तो 'पन्नास' म्हणू शकला असता. कोण बघायला गेलं होतं?

एका तासाने त्याचं उत्तर आलं. 'एकदाच. चूक माझी आहे, मुंगीची नाही.'

मी पर्स उचलली. बाबांनी "कुठे?" विचारलं, तर मी नुसतंच "येते" म्हटलं.

त्याच्या ऑफिसला फोन करून पत्ता घेतला; तो एका सहा मजली इमारतीत सापडला. तळमजल्यावर लिफ्टचा दरवाजा उघडा, समोर 'काम चालू आहे' अशी पाटी, आणि हा हातात तपासणीचा कागद घेऊन उभा. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"ही लिफ्टसुद्धा एकदाच वरखाली करून सही करतोस का?" मी विचारलं.

"नाही."

"किती वेळा?"

"रिकामी बारा वेळा. वजन घालून बारा." त्याचा आवाज खाली गेला. "ओरड ना. मी वाटच बघतोय."

"ओरडायला नाही आले. विचारायला आलेय... का?"

तो कागदाची कडा मुडपू लागला. बाहेर पाऊस वाढला होता, जिन्यातून त्याचा आवाज घुमत होता.

"एकदा उठवला, उठला. मग वाटलं, पुढच्या वेळी नाही उठला तर मलाच तुला सांगावं लागणार. तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. तू परत कॉफीला आलीच नाहीस तर... म्हणून थांबलो. पुढे बघितलंच नाही."

"म्हणजे तू मला दुखवायला घाबरलास."

"हो."

"आणि मी तुला विचारायला घाबरले. शंका आली होती मला. त्याच सकाळी आली होती." मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दोघांच्या घाबरण्यात त्या बिचाऱ्या बाईच्या प्रश्नपत्रिका गेल्या. ऐक, मला गोड बोलणारी माणसं घरीदारी पुष्कळ आहेत. माझी चूक तोंडावर सांगणारं एकच माणूस होतं. ते गमावलं मी."

"गमावलं नाहीस," तो पटकन म्हणाला. आणि मग थबकून, "की... गमावलंस?"

खरंच माहीत नव्हतं. एवढंच म्हणाले, "सोमवारी दुकान बंद असतं. तुझा लॅपटॉप घेऊन ये. सकाळी दहाला."

त्या रात्री मी शिक्षिकेला माफीचं पत्र लिहिलं. त्यानेही लिहिलं होतं, हे मला तिच्या उत्तरातून कळलं. तिने लिहिलं होतं, 'दोघांनी माफी मागितलीत, आता दोघांनी मिळून दुरुस्त करा.'

सोमवारी तो पावणेदहालाच शटरबाहेर उभा होता. मागच्या खोलीत आम्ही लॅपटॉप स्टुलावर ठेवला. झाकण बंद. थांबा. उघडा. उठला. वहीत एक रेघ. झाकण बंद. थांबा. उघडा... सुरुवातीला आम्ही बोलतही नव्हतो. चाळिसाव्या रेघेला त्याने हळूच विचारलं, "पाणी हवंय?" पन्नासाव्याला मला चुकून हसू आलं. चौसष्टाव्या वेळी मी वायरला अडखळले, चार्जर निघाला, आणि झाकण उघडलं तर काळा पडदा.

आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे असं बघत राहिलो, जसा काही त्यात खजिना सापडला होता.

"झोपेत असताना चार्जर काढला तर!" तो कुजबुजला.

"शिक्षिकेनेही काढला असणार. पिशवीत टाकताना!"

आनंदाच्या भरात त्याने माझा हात धरला. मग हात धरलाय हे लक्षात आलं आणि सोडला. त्याने तो सोडायला नको होता.

मी नवा पॅच लिहिला, आणि त्याला बजावलं, "मला आधी काही सांगायचं नाही. जे आहे ते यादीवर लिहायचं. सगळ्यांसमोर."

ते तीन दिवस! पहिल्या दिवशी मी एका आजींना जवळच्याऐवजी लांबचा नंबर लिहून देत होते, वेळीच खोडला. दुसऱ्या दिवशी पत्रपेटी किती वेळा उघडली, मोजायची लाज वाटली. पॅच चालेल का याची धाकधूक होतीच, पण खरी भीती वेगळीच होती. त्याने परत गोड लिहिलं तर? मग काय उरणार होतं आमच्यात?

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, उत्तर आलं.

'दोनशे वेळा तपासलं. एकशे नव्व्याण्णव वेळा उठला. बॅटरी अगदी संपत आली असताना एकदा उठला नाही. हा पॅच अजून घेऊ नये. चालत नाही.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे भरून आले आणि ओठ हसत होते. बाबा म्हणाले, "काय गं, रडतेस का हसतेस? एक काय ते ठरव."

तेवढ्यात तो दारात आला. पळत आला असावा. छत्री हातात होती, पण बंद, आणि हा नखशिखांत भिजलेला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"रागावलीस?"

"सगळ्यांसमोर माझा पॅच नापास केलास."

"हो. चारदा लिहून चारदा खोडलं." त्याने चष्मा काढला, ओल्या शर्टाला पुसला, तो आणखीच ओला झाला. "आता दुसरं सांगतो. तेही खरं आहे. मला तू आवडतेस. खूप. उद्या दुसरा पॅच पाठवलास आणि तो वाईट असला, तर वाईटच म्हणणार. आणि तरी तू आवडणारच. चालणार असेल तर... सांग. नसेल तरी सांग."

बाबा हातातली फ्रेम तशीच धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते.

"हे गृहस्थ कोण गं?" त्यांनी विचारलं. "गिऱ्हाईक ना आपलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

"नाही, बाबा," मी म्हटलं आणि काउंटरवरून हात पुढे करून त्याचा ओला हात धरला. "हा माझा माणूस आहे."

बाबांनी फ्रेम डबीत ठेवली. डबीचं झाकण लावलं. खूप सावकाश लावलं.

"मग त्याला दारात काय भिजत उभा ठेवलायस?" ते म्हणाले. "आत घे. टॉवेल दे."