राहून गेलेली उत्तरपूजा

यतीनला घर भरून वस्तू आणायची हौस नव्हती. एखादीच वस्तू घ्यावी आणि ती झिजेपर्यंत वापरावी, असा त्याचा स्वभाव. अमेरिकेत बॉथेलमधल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हाच पोटापाण्याचा धंदा असला की माणसाला सहसा काही पसंत पडत नाही. म्हणून ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो एका जुन्या घराच्या एस्टेट सेलमधून, म्हणजे मालक गेल्यावर घरातलं सामान विकतात तिथून, एक चाकू घेऊन आला आणि आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलत राहिला, तेव्हा त्याच्या बायकोला, आश्लेषाला, नवल वाटलं.

"अरे, घरात डझनभर सुऱ्या आहेत," ती म्हणाली. "त्यात हे खेळणं कशाला?"

ते खेळणं नव्हतं. हाताने घडवलेला जपानी घडीचा चाकू होता तो. हिगोनोकामी म्हणतात त्याला, हे यतीनने नंतर शोधून काढलं. पितळेचा एकच पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यावर ठोकलेली चार अक्षरं, आणि तिच्या पोटात मिटून बसणारं पातं. आत स्प्रिंग नाही की खटका नाही. पात्याच्या मागे एक बारकी शेपटी असते, तिच्यावर अंगठा दाबून धरायचा, एवढाच काय तो बंदोबस्त. पोलादही जुन्या चालीचं, ओलं राहिलं तर गंजणारं. वापरून झालं की पुसायचं, मधूनमधून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. लिंबू कापलं की पात्यावर निळसर डाग पडायचा, कांद्याने काळसर. आपण काय काय कापलं ते हा चाकू विसरत नाही, याचंच यतीनला कौतुक वाटायचं.

घर ज्या म्हाताऱ्या जपानी गृहस्थाचं होतं तो वसंतात गेला होता, बायको त्याच्या आधी. चाकू पेन्सिलींच्या डब्यात पडलेला होता. धार लावून लावून पातं निम्म्यावर आलेलं, आणि धारेचा उतार उलट्या बाजूला. म्हणजे मालक डावखुरा असणार. यतीनने दोन संध्याकाळी दगडावर घासून ती धार आपल्या उजव्या हाताजोगी करून घेतली. मग खोकी उघडायला, पेन्सिलींना टोक करायला, भाजी निवडायला, सगळ्याला तोच.

घरात तिसरं माणूस म्हणजे यतीनची आई, पद्मिनीबाई. नागपूरला तीस वर्षं शाळेत शिकवलं, नवरा गेल्यावर इकडे आली, आणि गेल्या वर्षापासून तिची स्मृती विरत चालली होती. यतीनने त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. त्याचा जीव तुटायचा तो तिच्या खाण्यापायी. घास तोंडात धरून ती तासभर बसायची आणि मग हळूच रुमालात काढून ठेवायची. वजन नव्वद पौंडांवर आलं होतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत ते वाढलं नाही तर पोटात नळी घालायचा विचार करावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं. वरण-भात, पेज, शिरा, दुकानातली पौष्टिक पावडर, सगळं करून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. एक मात्र होतं, यतीनला ती ओळखायची. सकाळी त्याच्या गालाला हात लावून "यतीन" म्हणायची, की त्याचा दिवस सुरू व्हायचा.

दसऱ्याला मात्र आई एकदम पूर्वीची झाली. "वापरातलं हत्यार पूजेत पाहिजे," म्हणाली. मग यतीनने पाटावर लॅपटॉप ठेवला, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या ठेवल्या, आश्लेषाने लॅबमधलं आपलं ओळखपत्र ठेवलं, आणि शेवटी चाकू. आईने प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि अक्षता टाकताना दर वस्तूपाशी "यावं" म्हणाली.

"आता संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही," तिने बजावलं. "बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो."

दुपारी कुरियरचं भलंमोठं खोकं आलं. यतीन फोनवर मीटिंगमध्ये होता. सवयीने त्याने पाटावरचा चाकू उचलला, खोकं कापलं आणि चाकू खिशात टाकला. संध्याकाळी अक्षता टाकून, प्रत्येक वस्तू जागची जराशी हलवून आईने सगळ्यांना निरोप दिला. पाटावर तेव्हा लॅपटॉप होता, किल्ल्या होत्या, ओळखपत्र होतं. चाकू यतीनच्या खिशात होता आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

पुढच्या मंगळवारी यतीन घरूनच काम करत होता. अकराच्या सुमाराला वरच्या खोलीतून खाली आला तर आई डायनिंग टेबलाशी बसून खात होती. खरंखुरं चावून, गिळून. समोर बशीत सफरचंदाच्या फोडी होत्या, आणि प्रत्येक फोडीवर सालाचे दोन टोकदार कान ठेवलेले. सशाचे कान. यतीन पायरीवरच थबकला. तिने असं खाल्लेलं पाहून त्याला चार महिने झाले होते.

त्याने लगेच आश्लेषाला फोन लावला. "सफरचंद भारी कापून ठेवलंस. आई खातेय."

"मी? मी साडेसातला निघाले, यतीन. तूच कापलं असशील."

संध्याकाळी घरी आल्यावर आश्लेषाने उरलेली एक फोड निरखून पाहिली. "आमच्या लॅबमधली केइको मुलीच्या डब्याला असंच देते," ती म्हणाली. "त्यांच्याकडे आजारी माणसाला पण असंच कापून देतात म्हणे."

चाकू ओट्याच्या खणात होता. पुसलेला, मिटलेला. उघडल्यावर पात्याच्या मुळाशी ओल दिसली.

आईनेच कापलं असणार, दुसरं काय. यतीनने तिच्या हातात चाकू दिला. तिची नखं त्या शेपटीवरून घसरत राहिली. पातं हललंसुद्धा नाही.

"मला नाही येत ते," ती म्हणाली. "ते कापतात."

"कोण, आई?"

"ते. फार बोलत नाहीत. हात मात्र हलका आहे."

त्यानंतर हे रोजचंच झालं. अकराच्या आसपास बशी भरलेली असायची आणि आई खात असायची. सफरचंदानंतर थोडा भातही जायचा. वजन एक्याण्णव झालं, मग त्र्याण्णव. आश्लेषा म्हणाली, "बघ, कुणी का कापेना, त्या खातायत ना? मग सोड ना यार." ती हे हसत म्हणाली, पण त्या दिवसापासून आईच्या खोलीत जाताना आधी दारावर टकटक करू लागली.

यतीनला सोडून देणं जमलं नाही. दोष सापडत नाही म्हणजे तपासणी अपुरी, हे तो आपल्या हाताखालच्यांना नेहमी सांगायचा. त्याने चाकू वरच्या टेबलाच्या कुलपाच्या खणात ठेवला. सफरचंद कापलं गेलं, आणि खण उघडल्यावर आतून सफरचंदाचा वास आला. मग त्याने डायनिंगमध्ये कॅमेरा लावला, हालचाल झाली की आपोआप रेकॉर्ड करणारा. अकरा वाजून चार मिनिटांच्या क्लिपमध्ये आई खुर्चीवर बसते, बशी रिकामी. पुढची क्लिप अकरा वाजून सोळा मिनिटांची. आई फोडीला हात घालते, बशी भरलेली. मधल्या बारा मिनिटांत कॅमेऱ्याला त्या खोलीत कसलीच हालचाल दिसली नव्हती. आईचीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चाकू खिशात ठेवूनच तो कामाला बसला. दार आतून लावलं. मीटिंग चालू असताना मांडीला गार लागलं. पाहिलं तर जीन्सचा खिसा ओला झालेला, आणि बोटं चिकट.

हे सगळंही त्याने पोटात घातलं असतं. नळीपेक्षा हे बरं. पण आई आता सकाळी त्याच्या गालाला हात लावून झाला की दाराकडे बघत बसायची. शेजारची खुर्ची तिने ओढून ठेवलेली असायची. आणि एका गुरुवारी यतीन खाली आला तेव्हा ती पुढच्या दारापाशी उभी होती. शाल पांघरलेली, पायात चपला, हातात पर्स.

"कुठे निघालीस?"

"ते म्हणाले, आमच्या घरी चला आता. त्यांच्या बायकोची खोली रिकामीच आहे."

यतीनने दाराला वरून आणखी एक कडी बसवली. त्याला भीती वाटली, सरळ साधी भीती, लहानपणी अंधारात वाटायची तशी. आणि कडी बसवता बसवता त्याला दसऱ्याच्या संध्याकाळची पाटावरची चाकूची मोकळी जागा आठवली.

शुक्रवारी सकाळी आठला त्याने नागपूरला धाकट्या काकांना, कृष्णाकाकांना, फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटपत होती. त्याने बाकीचं काही सांगितलं नाही, फक्त उत्तरपूजा राहिल्याचं सांगितलं.

"एवढंच ना? मग आता कर," काका म्हणाले. "पाटावर ठेव, अक्षता वाहा, पुन्हा या म्हण आणि जरासं हलव. त्या दिवशीचं फूल आहे का?"

असेल कसं? पण देव्हाऱ्याच्या मागे हात घातल्यावर ते सापडलं. चाकूवरून घरंगळून तिथे पडलं असावं. तीन आठवडे उलटले होते. त्याचा चुरा व्हायला हवा होता. ते टवटवीत होतं.

त्याने अक्षता वाहिल्या. 'पुन्हा या' मात्र म्हटलं नाही. चाकू बोटभर सरकवला.

"आता फूल हुंगून बाजूला ठेव," काका सांगत होते. "ज्याला बोलावलं तो त्या वासाबरोबर आपल्या हृदयात परत येतो. तिथूनच तर बोलावलेला असतो ना आपण त्याला."

यतीनने फूल हुंगलं. झेंडूचा उग्र वास नव्हता त्याला. सफरचंदाचा होता.

काका आणखी काहीतरी बोलत राहिले, आश्लेषाची चौकशी केली, थंडी किती आहे विचारलं. फोन ठेवल्यावर यतीनच्या मनात आलं की हा काही आपल्या हृदयातून आलेला नव्हता. पण तोवर फूल हुंगून झालं होतं.

त्या दिवशी बशी रिकामी राहिली. शनिवारीही. रविवारीही. आई शेजारची खुर्ची ओढून ठेवायची आणि दाराकडे बघत बसायची. पाण्याच्या चार घोटांपलीकडे तिने काही घेतलं नाही. आश्लेषाने खीर केली, ती रुमालात गेली. संध्याकाळी आईच्या मनगटाची हाडं पाहून आश्लेषा स्वयंपाकघरात जाऊन रडली.

"तू काय केलंस, यतीन?" तिने विचारलं. "चांगल्या खात होत्या."

रात्रभर तो एकच विचार करत राहिला. आईने खावं. कसंही करून खावं.

सोमवारी त्याने सुट्टी घेतली. आश्लेषा कामावर गेली होती. अकरा वाजता तो खाली आला आणि आईने ओढून ठेवलेल्या खुर्चीवर बसला.

चाकू उघडला. शेपटीवर अंगठा ठेवला. सफरचंदाचे आठ भाग केले, बिया काढल्या, सालाला दोन तिरपे छेद दिले.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या फोडीपाशी त्याच्या लक्षात आलं की चाकू डाव्या हातात आहे. त्याने तो उजव्या हातात घेतला नाही. तसा विचारही आला नाही.

आईने फोड उचलली. कान आधी खाल्ले. मग उरलेली. मग दुसरी.

त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. गेल्या वर्षभरात असं वाटलं नव्हतं. ती चावत होती, गिळत होती, ओठांना लागलेला रस पदराने टिपत होती.

"तीन दिवस आला नाहीत तुम्ही," आई म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

"मला वाटलं, रागावलात." तिने तिसरी फोड घेतली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, अगदी आपुलकीने, आणि पदर सारखा केला. "रोज येत जा हो. तुमच्या हातचं तेवढं जातं मला. आमच्या यतीनची मात्र भेट होत नाही तुमची. आज सकाळपासून दिसला नाही पोरगा."

"येईल," तो म्हणाला.

बाहेर कुणाची तरी गाडी रस्त्याने गेली. त्याने पातं पुसलं, मिटलं. बशी तिच्याकडे सरकवण्याआधी एक फोड उचलून वेगळ्या वाटीत ठेवली, वर झाकण घातलं. यतीन आला की द्यायला.